दिगंबर म्हात्रेचा निसर्ग

आमच्या शेजारचा दिगंबर म्हात्रे निसर्गचित्रं काढतो आणि हिरवा रंग घरात ठेवत नाही.

"हिरवा हा रंग नाही शिंदे, तो आळस आहे," असं तो मला आठवड्यातून एकदा तरी सांगतो. चित्रकाराला काही सुचेनासं झालं की तो हिरवी ट्यूब पिळतो, असं त्याचं मत आहे. हे मत तो फक्त चित्रांपुरतं ठेवता तर माझी तक्रार नव्हती. पण विरारच्या बाजारात तो भाजी घ्यायला माझ्याबरोबर येतो. एकदा त्याने मेथीची जुडी हातात धरून बराच वेळ उलटसुलट केली आणि विकणाऱ्या बाईला म्हणाला, "एवढा भडकपणा कशाला?"

ती म्हणाली, "मेथी हाय ती भाऊ, शालू नाय. घ्यायची तर घे, नायतर ठेव खाली."

त्याने ती ठेवली आणि वांगी घेतली.

दिगंबर आमच्या विरार पश्चिमेच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, माझ्या दारासमोरच. मूळचा खाडीकाठच्या शेतकरी घरातला. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाला. तीस वर्षं त्याने मुलांकडून एकच चित्र काढून घेतलं. दोन डोंगर, मधून अर्धा सूर्य, खाली नदी, नदीत बदक, काठावर झोपडी. हे चित्र काढून शेकडो मुलं परीक्षा पास झाली, काहींना तर बक्षिसंही मिळाली. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्याने जाहीर केलं, "तीस वर्षं मी लहान मुलांकडून गुन्हे करून घेतले. आता प्रायश्चित्त." तेव्हापासून तो अमूर्त निसर्गचित्रं काढतो. प्रायश्चित्त त्याचं आहे, पण ते आम्हालाही बघावं लागतं.

सोसायटीला रंग द्यायची वेळ आली तेव्हा कुणीतरी भोळेपणाने म्हणालं, आपल्यात एवढा कलावंत आहे, त्यालाच निवडू द्या. दिगंबरने आठ दिवस घेतले. समोरच्या पानटपरीवर बसून तो इमारतीकडे बघत राहायचा, मग उठून मान हलवून घरी जायचा. शेवटी दोन छटा ठरल्या. एक ओहोटीनंतरच्या चिखलाची आणि दुसरी भिजलेल्या गोणपाटाची. रंग लागला. पहिले दोन महिने येणारा प्रत्येक कुरियरवाला वॉचमनला विचारायचा, "आग कधी लागली होती?" सभेत लोक त्याच्यावर तुटून पडले. तो शांतपणे उठून म्हणाला, "तुम्ही इमारतीत राहता. बघावं मला लागतं."

लग्न त्याने केलं नाही. "चौकट नको," म्हणतो. चित्रांच्या चौकटींसाठी मात्र आचोळ्याच्या एका फ्रेमवाल्याकडे पन्नास खेपा घालतो आणि काटकोन अर्ध्या सुताने चुकला तर फ्रेम परत पाठवतो. सहीसुद्धा पूर्ण करत नाही. चित्राखाली नुसतं 'दिग्' असं लिहितो. मी विचारलं, पुढच्या अंबराचं काय झालं? म्हणाला, "अंबर मी कॅनव्हासवर ठेवतो." दिग् म्हणजे दिशा. ती त्याला सापडली आहे असं त्याची चित्रं बघून वाटत नाही, पण हे मी त्याला बोललेलो नाही.

आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्याने आम्हाला एक चित्र दिलं. माझ्या बायकोने ते हौसेने दिवाणखान्यात लावलं. वर्षभराने तो चहाला आला, कप हातात घेऊन चित्रासमोर उभा राहिला आणि चहा निवेपर्यंत तसाच उभा. मग म्हणाला, "वहिनी, हे उलटं लागलंय." बायको ओशाळली, स्टूल आणायला निघाली. त्याने तिला थांबवलं. "राहू दे. आता ते पूर्ण झालं." आणि खिशातून पेन काढून त्याने वरच्या कोपऱ्यातली सही खोडली, खालच्या कोपऱ्यात नवी केली.

तर अशा या माणसाने गेल्या हिवाळ्यात स्वतःच्या चित्रांचं एकल प्रदर्शन भरवलं.

जागा मिळाली आगाशीला, एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. प्रदर्शनाचं नाव 'अ-भूमी'. निमंत्रणपत्रिका त्याने स्वतः आखली होती. राखाडी कागदावर राखाडी अक्षरं. पत्रिका उन्हात तिरकी धरली की तारीख दिसायची आणि सावलीत धरली की ठिकाण. दोन्ही एकदम दिसायची सोय नव्हती. "ज्याला यायचंय तो शोधेल," दिगंबर म्हणाला. मी दोन दिवस बसून लोकांना फोन केले.

माझ्या बायकोने त्याला विचारलं, "तुमच्या बायला बोलावलंत का?"

बाय म्हणजे त्याची थोरली बहीण. गावातल्या जुन्या घरी एकटीच राहते. दिगंबर चार वर्षांचा असताना आई गेली आणि दहा-बारा वर्षांच्या या बहिणीने त्याला वाढवलं. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. बाय दरवर्षी त्याच्याबरोबर आमच्याकडे सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, पाठवते. माझी बायको ती पोचल्याचा फोन करते आणि मग दोघी तासभर बोलतात, त्यातून आम्हाला कळलेलं.

"बायला कशाला?" दिगंबर म्हणाला. "ती येणार आणि विचारणार, ह्यात भात कुठला नि तण कुठलं. तिला काय कळणार आहे!"

त्याची पाठ वळल्यावर माझ्या बायकोने फोन उचलला.

प्रदर्शन पाच दिवसांचं होतं. दाराशी टेबल, टेबलावर अभिप्रायाची वही आणि वहीमागे मी. हॉलमध्ये सव्वीस चित्रं. 'ओहोटीचं व्याकरण', 'चिखल : एक प्रस्ताव', 'वाऱ्याची पाठ'. एका चित्राचं नाव 'अनाम क्रमांक सात' होतं. पहिले सहा अनाम कुठे आहेत हे मी विचारलं नाही. हे चित्र कसं जन्माला आलं ते मला ठाऊक होतं. पावसाळ्यात गच्ची गळून त्याच्या कोऱ्या कॅनव्हासवर गंजाच्या पाण्याचा मोठा ओघळ उतरला होता. प्लंबर येईपर्यंत दिगंबरने त्याच्या कडेने थोडा जाड रंग लावला आणि फ्रेमवाल्याला फोन केला.

भिंतीवर दोन पाट्या होत्या. एक, 'स्पर्श करू नये.' दुसरी, 'हे काय आहे, असे विचारू नये.'

मध्यभागी एक वेताची खुर्ची ठेवली होती. तिच्यावर बसायची कुणालाच परवानगी नव्हती. दादरहून एक मोठे कलासमीक्षक येणार होते. त्यांनी फोनवर "बघू, जमलं तर" असं म्हटलं होतं. त्याचा अर्थ दिगंबरने "नक्की येतो" असा लावला. वाक्यं त्याला बहुतेक उलटीच लागतात.

पहिल्या दिवशी एकोणीस माणसं आली. त्यातली अकरा खाली वर्तमानपत्र वाचणारी होती आणि वरच्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाकडे निघाली होती. एक गृहस्थ मात्र मनापासून बघत फिरले. ते एका चित्रासमोर थांबून म्हणाले, "आमच्या सोफ्याला हे अगदी मॅच होईल." दिगंबरने त्यांना सोफा बदलायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी स्थानिक केबल चॅनेलची मुलगी माईक घेऊन आली. "सर, या चित्रांतून आपण समाजाला काय संदेश देता?"

"संदेश द्यायचा असता तर फोन केला असता."

तिने हसून पुन्हा विचारलं, "पण सर, हे नेमकं काय आहे?"

दिगंबरने पाटीकडे बोट दाखवलं. मुलीने कॅमेरा बंद केला आणि जाताना वहीत लिहिलं, 'छान.' दिगंबरने ते वाचलं. "हिरव्या रंगासारखा शब्द आहे," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्याचा एक जुना विद्यार्थी आला. मिशा पिकलेल्या, हातात भाजीची पिशवी. तो सगळी चित्रं नीट बघून परत आला, मास्तरांच्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, रागावू नका. पण मी सातवीत असं चित्र काढलं असतं तर तुम्ही माझा कान पिळला असता."

"पिळायलाच हवा होता," दिगंबर म्हणाला. "तू असं काढायला लागला असतास तर मी कुठे गेलो असतो?"

विद्यार्थी हसला. मलाही हसू आलं. दिगंबर गंभीर होता. त्या दिवशी दुपारी हॉलमध्ये आम्ही दोघंच उरलो तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, "शिंदे, कुणी थांबत नाही हो चित्रापाशी." मी म्हटलं, थांबतील. तो उठला आणि वेताच्या खुर्चीवरची धूळ रुमालाने झटकायला लागला. चौथा दिवसही तसाच गेला. त्या दिवशी त्याने खुर्ची तीनदा झटकली.

पाचव्या दिवशी अकराच्या सुमारास जिन्यात बायकांचा आवाज आला. पुढे गावातली शेजारीण आणि तिच्या दंडाला धरून बाय. ठेंगणी, काटक, सुती लुगडं, केसांत सोनचाफ्याचं फूल. माझ्या बायकोने त्यांना बसस्टॉपवर उतरवून घेतलं होतं आणि ती मागून पिशव्या घेऊन येत होती.

दिगंबरचा चेहरा कसनुसा झाला. त्याने आधी दाराकडे पाहिलं, समीक्षक येत नाहीत ना म्हणून. मग म्हणाला, "बाय, तू कशाला एवढा त्रास घेतलास?"

"तरास कसला? माझ्या भावाचा कार्यक्रम हाय, नि मना शेजारचे लोक सांगतात," ती म्हणाली. "बसू दे आधी. जिना लय उंच हाय."

आणि ती वेताच्या खुर्चीवर बसली. दिगंबरने तोंड उघडलं. माझ्या बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं.

पाणी पिऊन झाल्यावर बाय उठली. शेजारणीचा हात सोडून ती एकटीच भिंतीकडे गेली आणि पहिल्या चित्राच्या अगदी जवळ, नाक लागेल इतकी जवळ, उभी राहिली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. मी वहीमागून बघत होतो. पाच दिवसांत कुणी एका चित्रापाशी एवढा वेळ थांबलेलं नव्हतं. दिगंबर हाताची घडी घालून तयारीत उभा होता. भात कुठला नि तण कुठलं, हा प्रश्न आता येईल आणि आपण पाटीकडे बोट दाखवू, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

'अनाम क्रमांक सात'पाशी बाय वळली.

"दिगू, तुना कसं कललं रं?"

"काय कसं कळलं?"

"मना आसं दिसतं ते. मी तर कोनाला बोलले नाय." ती पुन्हा चित्राकडे वळली. "मना आता सगलं आसंच दिसतं. अंगन, माड, मानसं. सगलं आसं पान्यात कालवल्यागत. हितं थोडा उजेड, तितं थोडा कालोख. तू बराबर काडलंस."

दिगंबरने हाताची घडी सोडली.

तो म्हणाला, "कधीपासून?"

"झाली दोन वरसं. डावा डोला तर गेलाच. उजव्याने आसं दिसतं."

"दोन वर्षं? मी दर रविवारी फोन करतो तुला!"

"करतोस की. तुझ्या चित्रांचं सांगतोस. मी आयकते." तिच्या आवाजात राग नव्हता. ऊन फार आहे किंवा बस उशिरा आली, अशा सुरात ती बोलत होती. "गनपतीला येतोस तवा घरात मी हाताने सगलं करते. तुना कसं कलनार?"

दिगंबर खाली मान घालून उभा राहिला. मला वाटलं आता तो काहीतरी मोठं, न कळणारं बोलेल. पण त्याने पुढे होऊन तिचा उजवा हात धरला आणि 'स्पर्श करू नये' या पाटीच्या बरोबर खाली तिची बोटं कॅनव्हासवर टेकवली.

"हे जाड लागतंय ना, हा आपला बांध," तो म्हणाला.

"कुठला? खाजनाकडचा?"

"तोच, खाडीलगतचा. आणि हे खाली उतरतंय ती विहीर. पायऱ्यांची."

"नि रहाट?"

दिगंबरने क्षणभर चित्राकडे पाहिलं. तिथे गच्चीच्या गंजाशिवाय काही नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

"हा काय रहाट," त्याने तिचं बोट हळूच वर नेलं. "इथे तू मला बसवायचीस आणि पाणी काढायचीस. मी रडायचो."

"तू तर सारखाच रडायचास," बाय म्हणाली आणि बोट तिथेच ठेवून हसली.

नेमके त्याच वेळी समीक्षक आले. उंच, पांढरी दाढी, खांद्यावर झोळी, बरोबर फोटो काढणारा एकजण. मी धावत जाऊन दिगंबरला सांगितलं. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. एक हात वर करून थांबायची खूण केली आणि बायला पुढच्या चित्राकडे नेलं. "ही चिंच. पलीकडच्या आळीतली पोरं दगड मारायची ती." मग त्याच्या पुढच्या. सव्वीसच्या सव्वीस चित्रांत त्याने तिला गोठा दाखवला, केळीची बाग दाखवली, माडांचं आगर दाखवलं, बाबांची बसायची शिळा दाखवली. एका चित्रात तर त्याने चक्क बदक दाखवलं.

समीक्षक अर्धा तास उभे होते. खुर्ची रिकामी होती, पण त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. शेवटी ते मला हळूच म्हणाले, "ही चित्रं अमूर्त आहेत असं मी ऐकलं होतं."

"सकाळपर्यंत होती," मी म्हटलं.

त्यांनी वहीत काहीही न लिहिता निरोप घेतला. दिगंबरने नंतरही त्यांची चौकशी केली नाही.

दुसऱ्या दिवशी तो बायला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. मीही गेलो, कारण तो रस्त्यात तीनदा म्हणाला की तुम्ही बोला, मला विचारायला सुचत नाही. डाव्या डोळ्याचं काही होण्यासारखं नव्हतं. काचबिंदूने तो कायमचा नेला होता. वेळेत आणलं असतं तर, असं वाक्य डॉक्टरांनी सुरू केलं आणि दिगंबरचा चेहरा बघून अर्ध्यावर सोडलं. उजव्यात पिकलेला मोतीबिंदू होता. तो काढता येणार होता.

ऑपरेशनच्या वेळी दिगंबर बाहेरच थांबला. रक्त बघवत नाही म्हणाला. आत कुणी त्याला रक्त बघायला बोलावलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना बायजवळ मी होतो आणि तो औषधांच्या दुकानात थेंबांच्या बाटल्यांवरची नावं चिठ्ठीशी दहाव्यांदा ताडून बघत होता. डॉक्टरांनी बायला बोटं मोजायला लावली. तिने बरोबर मोजली. मग तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि आम्ही रिक्षाने थेट सोसायटीत आलो. महिनाभर ती त्याच्याकडेच राहणार होती.

दिगंबरने घर आवरलं होतं. म्हणजे रंगांचे डबे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेले होते आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवी गादी घातली होती. भिंतीवर थेंबांचं वेळापत्रक होतं, ठळक काळ्या अक्षरांत, पांढऱ्या कागदावर. त्याने आयुष्यात लिहिलेला हा पहिला मजकूर असावा जो कुठूनही वाचता येत होता.

त्याने हात दोनदा साबणाने धुतले, पडदे ओढले आणि पहिल्या थेंबासाठी बायचा चष्मा उतरवला. बायने डोळा मिचकावला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे 'अनाम क्रमांक सात' लावलेलं होतं. ती मान तिरकी करून बघत राहिली. मग उजवीकडचं बघितलं, डावीकडचं बघितलं.

"दिगू, ही तीच चित्रां का रं?"

"तीच."

"ह्यात विहीर कुठं हाय?"

मदतीला आलेली माझी बायको घाईघाईने स्वयंपाकघरात गेली. दिगंबर बाटली हातात धरून उभा.

"नाही आहे, बाय," तो म्हणाला. "कुठेच नाही."

"मना वाटलंच," बाय म्हणाली. "तवा बरी दिसत होती."

दिगंबर हसला. मी त्याला तेरा वर्षं ओळखतो, पण हे हसणं मी ऐकलेलं नव्हतं. त्याच्या चित्रांबद्दल इतकं वाईट आजवर कुणी बोललं नव्हतं आणि तो डोळे पुसत हसत होता. मग तो गुडघ्यांवर बसला, तिची मान मागे टेकवली आणि बाटली वर धरली.

बायने त्याचा हात बाजूला केला. हनुवटी धरून तिने त्याचा चेहरा खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे वळवला आणि एका डोळ्याने बराच वेळ बघितलं. कपाळ, गालावरचे खड्डे, पांढरी झालेली भुवई.

"कवा रं म्हातारा झालास तू?" ती म्हणाली.

थेंबाची वेळ टळत होती. तिला नीट दिसावं म्हणून दिगंबर आणखी थोडा पुढे सरकला.